दत्ताची तसबीर आणि खाप्रीचा वड

गेल्या थंडीत आम्ही घरची मंडळी गाणगापूरला जाऊन आलो. आमच्या काणकोणहून जायचे तर कारवार, अंकोला, आरबैलचा घाट, येल्लापूर, हुबळी असे करत करत पुढे गुलबर्ग्याची वाट धरावी लागते. 2014 पासून गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले आहे, पण दत्तभक्तांच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे. प्रवास लांबचा. सोबत माझा भाचा होता. वय वर्षे पंधरा. त्याच्या हातात नील गेमनचे ‘अमेरिकन गॉड्स’ हे जाडजूड पुस्तक. 2001 साली आलेली ही कादंबरी आजची मुलेही वाचतात. माणसे देश सोडून अमेरिकेला गेली तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे देवही गेले आणि तिथे उपेक्षेत जगू लागले, अशी तिची कल्पना. त्यात पश्चिम आफ्रिकेचा कोळी-देव अनान्सी आहे. गुलामांच्या जहाजांतून जमैकाला गेलेला हा लबाड, गोष्टीवेल्हाळ देव त्या कादंबरीत मिस्टर नॅन्सी नावाचा म्हातारा होऊन वावरतो.

घाट चढताना भाच्याने मला विचारले, “मामा, हीं देवां खरीं काय लेखकान रचिल्लीं?”

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढे जे घडले त्यामुळे तर तो प्रश्न माझ्या मानेवरच बसला.

येल्लापूरला बस थांबली. एक बाई चढली आणि आमच्या पुढच्या बाकावर बसली. काळासावळा नव्हे, चांगला गडद रंग, बारीक कुरळे केस, नऊवारीसारखी उंच नेसलेली साडी, कपाळाला कुंकू. भाच्याने माझ्या कानाशी लागून, पण मुलांच्या कुजबुजीला जितका आवाज असतो तितक्या आवाजात म्हटले, “मामा, ही आफ्रिकेची!” बाई वळली. रागावली नाही. हसून म्हणाली, “म्हाका कळटा रे बाबू. हांव हांगाचीच.”

आमचे दोघांचेही चेहरे उतरले. ती सिद्दी होती. येल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांच्या रानांत सिद्दींच्या वाड्या आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. कोकणी, मराठी, कन्नड, उर्दू यांतली एक-दोन भाषा प्रत्येकाला येतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आमच्याच गोव्यातून, पोर्तुगीज मालकांच्या घरांतून आणि कुळागरांतून पळून घाटमाथ्याच्या जंगलात शिरले. म्हणजे ज्या बाईला माझा भाचा परदेशी समजला तिचे कूळ कदाचित आमच्या शेजारच्याच एखाद्या गावातून निघालेले असेल. आणि भाच्याला बिचाऱ्याला दोष काय द्यायचा? जमैकाचा अनान्सी त्याला पुस्तकातून भेटला होता. काणकोणपासून काही तासांवर राहणारा सिद्दी त्याला कुठल्याच पुस्तकात भेटला नव्हता.

असो. गाणगापूरला पोचलो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, औदुंबराला प्रदक्षिणा, मधुकरी, मठातल्या निर्गुण पादुका. आमच्या गोव्यातल्या घराघरांत गुरुचरित्राचे सप्ताह होतात, त्यामुळे हे गाव न पाहताही सगळ्यांना ओळखीचे असते. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला नको. आरती सुरू झाली, नगारा वाजू लागला, की गर्दीतली काही माणसे, बहुधा बाया, घुमू लागतात. कुणी केस मोकळे सोडून गरगरते, कुणी खांबाला धरून वर चढते, कुणी भिंतीवर डोके आपटते. आपल्याकडे अशा माणसाला ‘झाड’ म्हणतात. झाडावर कुणीतरी येऊन बसले आहे, ही त्यामागची कल्पना. भाचा घाबरून माझ्या मागे लपला आणि मग हळूच म्हणाला, “हें वूडू कशें दिसता.”

हे वाक्य अडाणीपणाचे होते, तरी त्यात एक टोक सत्याचे होते. हैतीच्या वूडूमध्ये देव भक्ताच्या अंगात येतो तेव्हा त्या भक्ताला ‘घोडा’ म्हणतात. देव घोड्यावर स्वार होतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. तिकडे घोडा, इकडे झाड. आमच्या देवळांत भार येतो, अवसर येतो, तेव्हा आम्ही हात जोडून कौल मागतो. तिकडे तेच घडले की त्याचा सिनेमा होतो आणि पार्श्वसंगीत भीतीचे वाजते.

पण खरा योगायोग पुढे आहे. मठातून बाहेर पडलो की तसबिरींची दुकाने लागतात. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार श्वान, असा दत्त रंगीत छापाच्या चित्रांतून आपल्या डोळ्यांत ठसला आहे. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना घातला आणि त्यानंतर देव घरोघरच्या भिंतींवर आले, हे आपण जाणतो. जे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे ते असे, की दत्ताची ही तसबीर समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही गेली आहे. घाना, टोगो, बेनिन या किनारपट्टीवर व्यापारासाठी गेलेल्या भारतीयांबरोबर देवादिकांची छापील चित्रे तिकडे पोचली. तिथल्या वोदुन धर्माच्या उपासकांनी ती पाहिली आणि त्यांना ती परकी वाटली नाहीत. आपलेच देव कुणीतरी चितारून पाठवले आहेत असे त्यांना वाटले. तीन शिरांचा दत्त त्यांच्या दृष्टीने डेन्सू झाला. डेन्सू हा पाण्याचा देव, संपत्ती देणारा. तिथल्या देवळांच्या भिंतींवर रंगवलेला डेन्सू पाहिला तर गाणगापूरचा वारकरी नकळत हात जोडील.

डेन्सूची जोडीदारीण म्हणजे मामी वाटा. केस मोकळे सोडलेली, अंगाखांद्यावर नाग खेळवणारी जलदेवता. तिच्या चित्राची कथा तर कादंबरीत शोभेल अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हॅम्बुर्ग येथे सर्कशीच्या जाहिरातीसाठी एका गारुडी बाईचे रंगीत चित्र छापले गेले. ते खलाशांबरोबर नायजेरियाच्या किनाऱ्याला लागले आणि तिथे त्या बाईची देवी झाली. पुढे मूळ छाप मिळेनासा झाला, मागणी मात्र वाढत राहिली. तेव्हा 1955 साली मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने ते चित्र पुन्हा छापले आणि वर्ष-सव्वा वर्षात 12,000 प्रती घानातल्या कुमासी शहरी पाठवल्या. जर्मन सर्कशीची बाई, मुंबईचा छापखाना आणि आफ्रिकेची देवी! तेच चित्र अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात गेले. तिथे ते सांता मार्ता या नावाने पुजले जाते. आजच्या अद्भुतकथांतही मामी वाटा येते. नायजेरियन वंशाच्या न्नेडी ओकोराफोर यांच्या 2014 च्या ‘लगून’ या कादंबरीत लागोसच्या समुद्राशी तिचे नाव जोडलेले आहे. 2023 साली तिच्या नावाचा नायजेरियन चित्रपटही आला.

आता कॅरिबियन देवांचे थोडे सांगतो, कारण भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

आफ्रिकेतून लाखो माणसे साखळदंडांत बांधून कॅरिबियन बेटांवर नेली गेली. उसाचे मळे हे त्यांचे मरणस्थान. फ्रेंचांनी 1685 च्या कायद्याने गुलामांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला. देव बदला म्हटल्यावर माणसे काय करतात? जे आपल्याकडे झाले तेच. त्यांनी देव लपवले. ख्रिस्ती संतांच्या चित्रांत आपले देव पाहिले. सेंट पॅट्रिकच्या पायाशी साप होते, तर तो त्यांचा नागदेव दांबाला झाला. क्यूबामध्ये सांता बार्बरेच्या तांबड्या वस्त्रांत विजेचा देव शांगो दिसू लागला. म्हापश्याची मिलाग्र सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण आहे असे मानून तिच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्या गोमंतकीयांना हे समजावून सांगावे लागू नये. जगाच्या पाठीवर फार थोडे समाज असतील ज्यांना हैतीचा माणूस एका वाक्यात कळेल. त्यांत आपण आहोत.

ऑगस्ट 1791 मध्ये हैतीतल्या बुआ काइमान या रानात रात्री वूडूचा विधी झाला आणि तिथून गुलामांच्या उठावाची ठिणगी पडली, असे सांगतात. 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी बंड करून स्थापलेले ते राष्ट्र. ज्या धर्माने ही ताकद दिली तो धर्म मालकांच्या जगाला भयंकर वाटणारच. 1915 ते 1934 या काळात अमेरिकी फौजांनी हैती ताब्यात ठेवला होता. त्याच काळात, 1929 साली विल्यम सीब्रूक याचे हैतीवरचे पुस्तक आले, त्याने ‘झोंबी’ हा शब्द अमेरिकेत घरोघर नेला आणि 1932 साली ‘व्हाइट झोंबी’ हा सिनेमा निघाला. तिथपासून भीतीचा कारखाना सुरू झाला तो आजवर थांबलेला नाही. 1973 च्या जेम्स बाँडच्या चित्रपटात स्मशानाचा देव बॅरन सामदी हा खलनायकाचा साथीदार आहे. 2009 मध्ये डिस्नीने मुलांसाठी केलेल्या बेडकाच्या गोष्टीतही वूडूवाला दुष्टच.

यात झोंबीचा मूळ अर्थ हरवला, आणि तो फार हृदयद्रावक आहे. हैतीच्या माणसाला झोंबीची भीती वाटत नाही. आपण झोंबी होऊ याची वाटते. झोंबी म्हणजे मेल्यावरही ज्याला थडग्यातून उठवून मळ्यात राबवले जाते तो. मरण आले की गुलामी संपेल, आत्मा समुद्रापलीकडे आफ्रिकेला परत जाईल, एवढीच ज्यांची आशा होती त्यांच्या मनातले हे सर्वात मोठे भय, की मेल्यावरही सुटका नाही. सिनेमाने त्या राबणाऱ्याला माणसे खाणारा राक्षस करून टाकले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच भूत केले.

आमच्या पिढीला तरी दुसरे काय वाचायला मिळाले? 1964 पासून निघणारी इंद्रजाल कॉमिक्स आठवतात का? ली फॉकचा फँटम त्यात ‘वेताळ’ होऊन आला. लोलयेच्या देवळातला भव्य नग्न वेताळ पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या पोराला हा जांभळी चड्डी घातलेला गोरा वेताळ पाहून मोठी मौज वाटे. जंगलातले काळे लोक पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या माणसाला अमर समजून त्याच्यापुढे वाकतात, याचे काही वाटत नसे. आता वाटते.

सुदैवाने हे चित्र त्याच बेटांच्या लेखकांनी बदलले. जमैकात जन्मलेल्या नालो हॉपकिन्सन यांनी 1998 मध्ये ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ लिहिली. उद्याच्या उद्ध्वस्त टोरांटो शहरात एक आजी आणि तिची नात आहेत, आणि आजीचे देव त्या नातीच्या अंगात येतात. नात घाबरते, आजीची विद्या नाकारते आणि शेवटी तिच्याच बळावर उभी राहते. अंगात येणे म्हणजे वेड नव्हे, तो वारसा आहे, असे तिथे आतला माणूस सांगतो. गेमनने हे देव आदराने पाहुणे म्हणून बोलावले. हॉपकिन्सनच्या घरात ते घरचेच आहेत. हा फरक भाच्याला सांगायचा होता.

पण गाणगापूरच्या धर्मशाळेत रात्री पडल्या पडल्या मला वेगळाच प्रश्न छळू लागला. आफ्रिकेची माणसे काय फक्त पश्चिमेलाच गेली? ज्या भूमीवर मी निजलो होतो तिथेही ती आली होती. गुरुचरित्रात बिदरचा यवन राजा येतो. मांडीवरच्या फोडाने हैराण झालेला, पूर्वजन्मीचा परीट. तो लवाजमा घेऊन गाणगापूरला येतो आणि नृसिंहसरस्वतींच्या कृपेने बरा होतो. हा काळ पंधराव्या शतकाचा, बहामनी सत्तेचा. आधी गुलबर्गा आणि मग बिदर ही तिची राजधानी. या दरबारात हबशांचे, म्हणजे अबिसिनियातून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे, मोठे पथक होते. अरब व्यापारी त्यांना विकत, सुलतान विकत घेत, शिपाई आणि महालाचे रखवालदार करत. त्या राजाच्या पालखीमागे हबशी चाललेच नसतील असे मानणे मला तरी जड जाते.

आणि ही माणसे नुसती मागे चालली नाहीत. बहामनी दरबारात परदेशी आणि दख्खनी असे दोन तट होते. त्यात हबशी दख्खनींच्या बाजूचे. 1481 साली वजीर महमूद गवानचा बळी गेला त्या कारस्थानात दोन हबशी दिसतात. एकाने फितूर होऊन कोऱ्या कागदावर गवानचा शिक्का उमटवून दिला. दुसऱ्याने, जौहर त्याचे नाव, सुलतानाच्या हुकमाने तलवार चालवली. गुलबर्ग्याचा कारभार पुढे दस्तूर दिनार या हबशी सरदाराच्या हाती आला. त्याने बंड केले आणि अखेर विजापूरच्या यूसुफ आदिलशहाशी लढताना तो पडला. गुलाम म्हणून आलेला माणूस गुलबर्ग्यासारखा सुभा राखतो, हे कॅरिबियन मळ्यात स्वप्नातही शक्य नव्हते. त्याच परंपरेत पुढे मलिक अंबर झाला. अबिसिनियात जन्मून, बाजारांतून विकला जात जात निजामशाहीत आला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना झुंजवत राहिला. आमच्या शालेय इतिहासात मात्र हबशी म्हटला की जंजिऱ्याचा सिद्दी आणि पन्हाळ्याचा वेढा एवढेच.

बिदरला शहराच्या पूर्वेला हबशी कोट नावाची टेकडी आहे. परतताना मी हट्टाने तिथे गेलो. टेकडीवर हबशांची थडगी आहेत. वारा होता. खाली तांबड्या मातीचा विस्तार पसरलेला. भाचा थडग्यांमधून फिरत राहिला आणि म्हणाला, “मामा, ह्यांचीं देवां खंय गेलीं?”

हाच तो प्रश्न! हैतीत देव राहिले, बिदरला का राहिले नाहीत? मला सुचते ते असे. हैतीत एका मळ्यावर शेकडो माणसे एकत्र राबत, नवी जहाजे येत राहत, जुनी भाषा आणि जुने देव ताजे होत राहत. दख्खनेत हबशी एकेकटा विकला जाई, लहानपणीच मुसलमान होई, मालकाचे नाव लावी, इथल्याच बाईशी लग्न करी. त्याला वर चढायची वाट मिळाली, पण त्या वाटेवर मागचे सारे टाकून द्यावे लागे. दस्तूर दिनारला सुभा मिळाला. त्याचे आईने ठेवलेले नाव आज कुणाला माहीत नाही.

तरीही सगळे गेले नाही. गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरच्या टेकडीवर सिद्दींचा बावा गोर हा पीर आहे. त्याची बहीण माई मिश्रा. तिथे अंगात येते, बाधा उतरवली जाते आणि सिद्दी नाचतात त्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेत ढोलाला ‘न्गोमा’ म्हणतात, तोच हा शब्द. येल्लापूरकडच्या रानात सिद्दी नास नावाचे देवस्थान आहे. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन असे तिन्ही धर्मांचे सिद्दी जातात. घरात ते ‘हिरियारु’, म्हणजे वाडवडील, पूजतात. गंमत पाहा, 2003 साली हैतीने वूडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली आणि त्याच 2003 साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. एकाच समुद्रप्रवासाच्या दोन टोकांना एकाच वर्षी कागद मिळाला.

आणि आमचा गोवा? पोर्तुगीजांनी मोझांबिकहून आणलेले गुलाम जुन्या गोव्याच्या बाजारात उभे करून विकले जात. 1583 मध्ये आलेल्या लिन्शोटेनने ते पाहून लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली ती 1869 मध्ये. एवढ्या शतकांची माणसे गेली कुठे? काही घाट चढून सिद्दी झाली. काही आमच्या भुतांत राहिली.

लहानपणी तिन्हीसांजेला अंगणाबाहेर पाऊल टाकले की आजी ओरडायची, “खाप्री व्हरतलो रे!” खाप्री म्हणजे काळा, उंच, कुरळ्या केसांचा, वडावर किंवा वाटेच्या वळणावर राहणारा. पोर्तुगीज ‘काफ्र’ म्हणजे आफ्रिकन गुलाम, त्यावरून हे नाव आले असे मानतात. मालकाच्या छळाने मेलेला गुलाम वाटेवर राहिला, लोकांनी आधी त्याची भीती घेतली, मग त्याला सोरो, रोट, विडी देऊन राखणदार केले. हैतीच्या बॅरन सामदीलाही रम आणि चिरूट चालतो. माझी आजी खाप्रीला भीत असे, पण त्याच्या वाटेवरून जाताना चप्पल काढून हातात घेत असे. मेल्यावरही राबणारा झोंबी आणि मेल्यावरही वाटेवर राखण करणारा खाप्री यांत फरक किती? एवढाच, की आमच्या माणसांनी त्याला निदान देव म्हटले. माणूस होता हे मात्र सोयीस्करपणे विसरले.

पर्वरीला हमरस्त्यालगत वडाखाली खाप्रेश्वराची घुमटी होती. जाणारी-येणारी वाहने तिथे क्षणभर मंद होत. मार्च 2025 मध्ये उड्डाणपुलाच्या कामासाठी, लोकांच्या विरोधात, ती घुमटी आणि तो वड तिथून हलवण्यात आला. रस्ता हवा की देव, या वादात मी पडत नाही. पण त्या दिवसांत जे जे वाचले त्यात श्रद्धेबद्दल होते, झाडाबद्दल होते. त्या नावामागे कदाचित मोझांबिकहून आणलेल्या कुणा गुलामाची आठवण असेल याबद्दल क्वचितच काही होते. एकदा समुद्रापलीकडून उचललेल्याला आपण पुन्हा एकदा उचलले, असे मला वाटून गेले.

घरी परतताना बस पुन्हा येल्लापूरला थांबली. भाचा खिडकीतून ती बाई कुठे दिसते का पाहत होता. ती काही दिसली नाही. मग तो पुस्तक मिटून म्हणाला, “मामा, तें देवांचें सांगूंक ना तुवें.”

मी म्हटले, देव खरे की खोटे ते मला कळत नाही बाबा. पण ज्यांनी ते डोक्यावर घेऊन समुद्र ओलांडला ती माणसे खरी होती. पुस्तकात देव भेटला की आधी त्या माणसांची चौकशी कर.

तो काही बोलला नाही. अंकोला येईपर्यंत बाहेरच पाहत होता. घरी पोचल्यावर आईने विचारले, गाणगापूरला काय पाहिलेस? तर म्हणाला, दत्त पाहिला, आणि परतताना बिदरला आपल्या खाप्रीच्या भावांची थडगी पाहिली.

आजी असती तर तिने हात जोडले असते.